सोडलेली जमीन पुन्हा धरावी कशी?

रात्रीच्या वर्गात परवा एका आजींनी मला विचारले, "गुरुजी, तुम्ही लेकीकडे इंग्लंडला सहा महिने राहून आलात. तिथं दिवसभर करत काय होता?"

मी म्हणालो, "तण उपटत होतो."

सगळा वर्ग हसला. आजी म्हणाल्या, "एवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं होतं व्हय? माझं रान काय थोडं माजलंय?"

आजींचे खरे होते. तण इथेही आहे आणि तिथेही आहे. पण परमुलखातल्या तणात मी तीन वेळा चुकलो आणि तीन गोष्टी शिकलो. छत्तीस वर्षे मी मुलांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या. आज माझ्याच चुका तुम्हाला दाखवतो. त्यातून पडीक जमीन पुन्हा कशी धरावी, हे तुम्हाला नीट समजेल.

भाड्याची परसबाग

इंग्लंडातल्या शहरांत घरे एकमेकांना चिकटलेली असतात. पुष्कळांना परस नसतो. असला तर तो चार पावलांचा. म्हणून तिथल्या नगरपालिका वस्तीजवळ एखादे मोठे रान राखून ठेवतात. त्याचे लहान लहान तुकडे पाडतात आणि वर्षाच्या भाड्याने लोकांना देतात. त्यात भाजीपाला लावायचा आणि घरच्यांनी खायचा. त्याचा धंदा करायचा नाही. अशा तुकड्याला तिकडे 'अलॉटमेंट' म्हणतात. आपण त्याला भाड्याची परसबाग म्हणू.

पुरा तुकडा जुन्या इंग्रजी मापाने १० रॉडचा असतो. म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबाने अडीच गुंठे झाले. एवढ्या जागेत एका घराची बरीचशी भाजी निघते.

ही चाल तिथे जुनी आहे. १९०८ साली तसा कायदा झाला. त्या भागातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली, तर नगरपालिकेला तिचा विचार करावाच लागतो. पुढे १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडचे पुष्कळसे अन्न बोटींनी बाहेरून येत असे. जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवू लागल्या. तेव्हा सरकारने लोकांना सांगितले, की मिळेल त्या जागेत भाजी पिकवा. लोकांनी फुलबागांतली हिरवळसुद्धा खणली आणि तिथे बटाटे आणि कोबी लावले. युद्ध १९४५ साली संपले. पण अन्नाचे रेशन १९५४ पर्यंत चालले. त्यामुळे अडीच गुंठ्यांची किंमत तिथल्या जुन्या माणसांना चांगली ठाऊक आहे.

नगरपालिकेचे पत्र

माझी लेक आणि जावई इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका शहरात राहतात. लेकीने अशा तुकड्यासाठी अर्ज केला होता. यादीत तिचा नंबर लागायला तीन वर्षे गेली. जागा मिळाली आणि त्याच वर्षी तिला बाळ झाले. जावयांना रात्रपाळी होती. दोन वर्षे जागेकडे कोणी फिरकले नाही.

२०२३ च्या मार्च महिन्यात मी आणि आमच्या सौभाग्यवती तिकडे पोचलो. चौथ्याच दिवशी नगरपालिकेचे पत्र आले. लेकीने ते मला वाचून दाखवले. जागा पडीक आहे. बारा आठवड्यांत निदान चौथा हिस्सा लागवडीखाली आणा. नाहीतर जागा दुसऱ्याला दिली जाईल. असा त्याचा मजकूर होता.

लेक म्हणाली, "अप्पा, इथं घर भाड्याचं. नोकरी दुसऱ्याची. भाषा दुसऱ्याची. माझ्या हातानं काही उगवेल अशी एवढीच एक जागा होती. तीही चालली."

बापाला हे ऐकवेना. मी म्हणालो, "बाळ, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. अडीच गुंठे म्हणजे काय मोठं काम? पंधरा दिवसांत सरळ करतो."

दुसऱ्या दिवशी जागा पाहिली. काटेरी वेलांचे कमरेइतके जाळे झाले होते. त्याखाली दाट गवत होते. एका कोपऱ्यात खाजरी झुडपे होती. त्यांच्या पानाला हात लागला की तास-दोन तास आग होते. कुंपणावरून पांढऱ्या मुळांची एक वेल आत शिरली होती. ती आपल्या रताळ्याच्या कुळातली आहे. पण तिला रताळे येत नाही, नुसता वैताग येतो.

पहिली चूक : घाई

जावयांनी सुट्टीच्या दिवशी वेल कापून काढले. मग मी एक लहान रोटाव्हेटर भाड्याने आणायला लावला. एका दिवसात सगळे रान उलटेपालटे केले. संध्याकाळी काळीभोर जमीन दिसू लागली. मी लेकीला म्हणालो, "पाहिलंस? तुझी नगरपालिका आता काय म्हणते बघू!"

शेजारच्या तुकड्यात एक गुजराती गृहस्थ काम करत होते. वय सत्तरीच्या पुढे. ते काहीच बोलले नाहीत. फक्त मान हलवली.

तीन आठवडे झाले. एका सकाळी जाऊन पाहतो तो सगळी जमीन हिरवी! पेरले काहीच नव्हते. उगवले होते ते सगळे गवत आणि तीच पांढरी वेल. पहिल्यापेक्षा दुप्पट.

असे का झाले? मंडळी, हे तुम्हाला लगेच समजेल. आपल्याकडची हरळी आठवा. हरळीची खोडे जमिनीखाली दोरीसारखी धावतात. दोरीला जागोजाग पेर असते. प्रत्येक पेराला डोळा असतो. उसाची कांडी लावली की डोळ्यातून कोंब येतो ना? तसेच हरळीचे आहे. इंग्लंडातले ते गवतही तसेच आहे. त्या पांढऱ्या वेलीच्या मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी त्यातून नवी वेल होते. रोटाव्हेटरने मी एका मुळाचे पन्नास तुकडे केले आणि रानभर पसरले. म्हणजे मी तण मारले नाही. तणाची लागवड केली!

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत झाली. बारा आठवड्यांतले चार आठवडे हातचे गेले.

शेजारच्या भाईंचा सल्ला

त्या दिवशी मी बांधावर डोके धरून बसलो होतो. तेव्हा ते गुजराती भाई स्वतः आले. चहाचा पेला हातात दिला. ते गुजराती-हिंदीत बोलायचे, मी मराठी-हिंदीत. दोघांचे जमले.

ते युगांडा देशातून आलेले होते. आफ्रिकेतल्या त्या देशात हजारो हिंदी लोकांचे व्यापार-धंदे होते. १९७२ साली तिथला हुकूमशहा इदी अमीन याने फर्मान काढले, की आशियाई लोकांनी ९० दिवसांत देश सोडावा. दुकाने आणि घरे जागच्या जागी टाकून लोक निघाले. त्यांतले २७ हजारांहून अधिक इंग्लंडात आले. भाई तेव्हा विशीतले होते.

मी त्यांना पत्राची हकिगत सांगितली. ते म्हणाले, "मास्तरसाहेब, मला देश सोडायला ९० दिवस मिळाले होते. तुम्हाला तर जमीन धरायला अजून आठ आठवडे आहेत. पण पत्रात चौथा हिस्सा म्हटलंय. तुम्ही सगळ्यावर का हात घातला?"

मग त्यांनी जी रीत सांगितली, ती अशी.

पहिले काम. जागेचे चार भाग दोरीने आखून घ्या. एकच भाग हातात घ्या. बाकीच्या तिघांना झाकून ठेवा.

दुसरे काम. हातात घेतलेला भाग यंत्राने उलटू नका. चार लांब दातांचा काटा पायाने दाबून जमिनीत घाला. ढेकूळ उचला आणि हाताने फोडा. फावडे मूळ कापते, काटा मूळ अख्खे उचलतो. मिळेल ते मूळ, पांढरा धागासुद्धा, बादलीत टाका.

तिसरे काम. ही मुळे खताच्या खड्ड्यात टाकू नका. खड्ड्यात ती जगतात आणि खताबरोबर पुन्हा रानात येतात. ती पिंपात पाण्याखाली बुडवून ठेवा. काही आठवड्यांत कुजून त्यांचा चिखल होतो. मग तो खड्ड्यात टाकला तरी चालतो.

चौथे काम. बाकीच्या तीन भागांवर जुन्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरा. चिकटपट्ट्या आधी काढून टाका. पुठ्ठ्याच्या कडा एकमेकींवर वीतभर चढवा. वर मल्चिंगचा काळा कागद घाला आणि दगडांनी दाबा.

झाकल्याने काय होते? पान म्हणजे झाडाची चूल. या चुलीचा जाळ म्हणजे ऊन. ऊन बंद झाले की चूल विझते. मग झाड मुळातल्या साठ्यावर जगते. कोंब पुन्हा पुन्हा वर येतो, प्रकाश शोधतो, पिवळा पडतो. शेवटी साठा संपतो. साधे तण एका हंगामात मरते. पांढऱ्या वेलीसारख्या चिवट तणाला दोन वर्षे किंवा जास्तही लागतात. पण त्या काळात तुमची पाठ मोडत नाही. काम कागद करतो.

दुसऱ्या दिवसापासून मी काटा घेतला. दिवसाला एक पट्टा. घरातून निघताना सौभाग्यवती डबा द्यायच्या. लेक संध्याकाळी बाळाला घेऊन यायची. ते दोन वर्षांचे पोर पांढरी मुळे वेचून बादलीत टाकायचे आणि टाळ्या वाजवायचे.

माती ओळखा

काटा चालवताना माती हातात आली. माती ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ओलसर मातीचा गोळा करा. तो बोटांत दाबून त्याची पट्टी काढा. पट्टी लांब निघाली तर माती चिकण. लगेच तुटली तर मध्यम. गोळाच झाला नाही तर रेताड. आमची माती चिकण होती.

चिकण माती कसदार असते. पण ओली असताना तिच्यावर पाय दिला तर ती विटेसारखी घट्ट होते. मुळांना हवा मिळत नाही. मी मार्चमध्ये ओल्या मातीत यंत्र घातले, तीही चूकच होती. मग मी दोन फळ्या टाकल्या आणि फळीवर उभा राहून काम केले. आपल्या काळ्या रानालाही हा नियम लागू आहे. वाफसा आल्यावाचून रानात शिरू नये, हे आपले वडील सांगत. तिकडे मी वडिलांचे सांगणे विसरलो होतो.

चिकण मातीला औषध एकच. कुजलेले खत. भाजीचे देठ, कापलेले गवत, वाळला पाला, चहाचा चोथा. ओले आणि सुके एकाआड एक रचायचे. तिकडे थंडीत कुजण्याचे काम फार सावकाश चालते. खताला वर्षभर लागू शकते.

भाईंनी आणखी एक धोका सांगितला. तिकडे घोड्यांच्या पागेतून लीद फुकट मिळते. पण काही कुरणांवर रुंद पानाचे तण मारणारे औषध फवारलेले असते. घोडा ते गवत खातो आणि औषध लिदेत उतरते. अशी लीद घातली की बटाटा, टोमॅटो, घेवडा यांची पाने वळतात आणि झाड वाया जाते. आपल्याकडेही ऊस-ज्वारीवर मारलेल्या तणनाशकाचे वारे कपाशीला लागले, की पाने अशीच आकसतात. म्हणून आधी परीक्षा करावी. दोन कुंड्या घ्याव्या. एकीत नुसती माती, दुसरीत माती आणि लीद. दोन्हींत घेवडा लावावा. तीन-चार आठवड्यांनी दोन्हींची पाने सारखी दिसली तरच लीद रानात घालावी.

दुसरी चूक : थंडीचा अंदाज

आता लावायचे काय? सौभाग्यवतींना दुधी हवा होता. बी घरून न्यायचा त्यांचा विचार होता. पण लेकीने आधीच फोनवर मना केले होते. परदेशातून इंग्लंडात बियाणे नेताना, त्यात रोग-कीड नाही असे सरकारी प्रमाणपत्र लागते. हा नियम योग्यच आहे. एका देशाची कीड दुसऱ्या देशात गेली तर पिकेच्या पिके जातात. म्हणून बी तिथल्याच दुकानातून घेतले.

दुधीची रोपे खिडकीत छान वाढली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ऊन पडले. लोक सदरा काढून बसले. मी म्हणालो, आला उन्हाळा! आणि सहा रोपे बाहेर लावली. भाई तेव्हा गावी नव्हते.

चार दिवसांनी रात्री आकाश निरभ्र झाले. सकाळी गवतावर मिठासारखा पांढरा थर होता. ते गोठलेले दव. दुधीची पाने काळी पडून लोंबत होती. सहाच्या सहा रोपे गेली. पानाच्या आतले पाणी गोठते आणि त्याचा बर्फ होतो. त्याने पानाचे आतले बारीक कप्पे फाटतात. ऊन आले की पान शिजवल्यासारखे होते. नाशिककडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तो याच भीतीने.

तिकडे मे महिना सरेपर्यंत असे दव गोठू शकते. आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरुवात होते. म्हणजे दुधी, भोपळा, मिरची अशा नाजूक पिकांना मोकळ्या रानात जून ते सप्टेंबर एवढेच चार महिने मिळतात. आपल्याकडे पाऊस पाहून पेरतात. तिकडे पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो. त्या भागात वर्षाचा पाऊस सुमारे ६०० ते ७०० मिलिमीटर. म्हणून तिकडे पाऊस पाहून नव्हे, थंडी पाहून पेरावे लागते.

मग मी वहीत तिथले पंचांग लिहून काढले. ते असे :

फेब्रुवारी-मार्च : मिरचीचे बी घरात, खिडकीत. बाकला आणि वाटाणा बाहेर. त्यांना थंडी चालते.

मार्च-एप्रिल : कांद्याची लहान गड्डी. बटाटा.

एप्रिलअखेर ते ऑगस्ट : मेथी आणि कोथिंबीर. यांना बी दुकानातून वेगळे आणावे लागत नाही. हिंदी वाण्याकडचे मसाल्याचे मेथीदाणे आणि धणे सहसा उगवतात. धणे मात्र हाताने रगडून दोन फोडी कराव्या.

जून : दुधी, भोपळा, मिरची बाहेर. दुधीला पॉलिहाऊस असेल तर उत्तम.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : लसूण. आपल्याकडेही लसणाचा हाच हंगाम. एवढे एक पीक दोन्ही देशांचे पंचांग पाळते.

बारा आठवडे संपले

मोकळ्या केलेल्या चौथ्या हिस्स्यात एप्रिलअखेर बटाटा लावला. नव्या मोडलेल्या जमिनीत पहिले पीक बटाट्याचे घ्यावे, असे तिथले जुने लोक सांगतात. त्याचे कारण आहे. बटाट्याला दोन-तीनदा मातीची भर द्यावी लागते. प्रत्येक वेळी राहिलेले तण हाती लागते. पुढे पाला दाट होतो आणि खाली सावली पडते. काढणीच्या वेळी जमीन पुन्हा खणली जाते. एका पिकात तीनदा खुरपणी झाली!

उरल्या पट्ट्यात मेथी आणि कोथिंबीर टाकली. पण मेथी दोन पानांवर आली आणि एका रात्रीत अर्धी ओळ नाहीशी झाली. शंख नसलेल्या गोगलगाईंचे ते काम होते. पावसाळ्यात आपल्याकडे येतात तशाच. त्यावर उपाय एकच केला. रात्री दहाला बॅटरी घेऊन जायचे आणि वेचून डब्यात भरायच्या. पहिल्या रात्री शंभरावर भरल्या. आठवड्याने पाच-दहावर आल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेच्या बाई तपासणीला आल्या. लेकीचे तोंड उतरले होते. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ती माझ्या मागे उभी. बाईंनी बटाट्याच्या सऱ्या पाहिल्या. झाकलेले तीन भाग पाहिले. मग मेथीपाशी वाकून विचारले, की हे काय आहे? लेकीने सांगितले आणि एक जुडी बांधून हातात दिली. बाईंनी ती परत केली. तपासणीला आलेल्या माणसाने भेट घ्यायची नसते, म्हणाल्या. पण वास मात्र घेतला. मग वहीत काहीतरी लिहून गेल्या.

दहा दिवसांनी पत्र आले. जागा लेकीकडेच राहिली. त्या दिवशी घरात मेथीची भाजी आणि भाकरी झाली. लेक पहिला घास घेऊन थांबली आणि म्हणाली, "अप्पा, ही माझ्या रानातली आहे."

तिसरी चूक : वालाला फुलेच नाहीत

आता मी पुन्हा चढलो. झाकलेल्यापैकी एक लहान पट्टा उघडला आणि वाल लावले. वाण्याकडचे अख्खे वाल भिजवून टोकले. वेल काय वाढले! मांडव भरून गेला. जुलै गेला, ऑगस्ट गेला. पाने तळहाताएवढी. पण फूल एकही नाही.

शेजारी एक इंग्रज आजीबाई होत्या. त्यांच्या घेवड्याला तांबडी फुले आणि शेंगांचे घड लागले होते. माझा वाल मात्र नुसता हिरवा.

याचे उत्तर आपल्याच गावात आहे. आपल्याकडे वाल केव्हा फुलतो? दिवस लहान होऊ लागले की. आपल्या बहुतेक जुन्या वालांना रात्र लांब झाल्याचे कळते, तेव्हाच फूल येते. आता दिवसाचा हिशेब पाहा. पुण्याकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा. लेकीच्या गावी जूनमध्ये दिवस सुमारे पावणेसतरा तासांचा! रात्री दहाला उजेड असतो. डिसेंबरात तोच दिवस पावणेआठ तासांवर येतो. उन्हाळाभर वाल वाट पाहत राहिला, की दिवस लहान केव्हा होतो.

सप्टेंबरात आम्ही परत आलो. महिनाअखेर लेकीचा फोन आला. "अप्पा, वालाला फुलं आली!" मला आनंद झाला. पण ऑक्टोबरात दव गोठले आणि शेंगा भरण्याआधीच वेल काळा पडला. वालाची काही चूक नव्हती. तो आपल्या मुलखाच्या घड्याळावर चालत होता. मीही सहा महिने तसाच चाललो होतो.

देश तसा वेश, असे आपण म्हणतो. वेशाबरोबर पेरणीही बदलावी लागते. त्यात कमीपणा काही नाही.

काय मिळाले?

जुलैत बटाटे निघाले. मेथी तर उन्हाळाभर मिळाली. भाईंनी आपल्या पॉलिहाऊसमध्ये दोन वेल लावून दिले. त्यांचे चार दुधी घरी आले. इंग्रज आजीबाईंना लेकीने मेथी नेऊन दिली आणि भाजी कशी करायची ते लिहून दिले. त्यांनी तांबड्या फुलांच्या घेवड्याचे बी कागदात बांधून दिले. त्या घेवड्याला तिकडचा लांब दिवस मानवतो. पुढच्या उन्हाळ्यात लेकीने वालाच्या मांडवावर तोच चढवला. ज्या शेजारणीशी दोन वर्षांत शब्द झाला नव्हता, ती आता बाळाला सांभाळायलाही बसते.

पिकाचा हिशेब केला तर फार मोठा नाही. पण लेक आता फोनवर 'इथं माझं कोण आहे' असे म्हणत नाही. 'आज पाऊस चांगला झाला, बटाट्याला भर दिली' असे म्हणते. बाप म्हणून मला तेवढे पुरे आहे.

आपल्या गावात काय करता येईल?

आपल्या गावातही सोडलेल्या जागा थोड्या नाहीत. कोणी पुण्या-मुंबईला गेले, त्यांचा परस माजला. कोणाची विहीर आटली, कोणाचे भाऊ भांडले. अशी जागा पुन्हा धरायची असेल तर एवढे लक्षात ठेवा :

१. सगळी जागा एकदम धरू नका. चौथा हिस्सा धरा, बाकीचा झाकून ठेवा.

२. हरळी आणि लव्हाळा असलेल्या जागेत आधी रोटाव्हेटर घालू नका. मुळे आणि गाठी वेचून काढा. उन्हाळ्यात खणून कडक उन्हात वाळवा. ही सोय इंग्लंडात नाही, आपल्याकडे फुकट आहे.

३. चिकण मातीत वाफसा पाहूनच पाय ठेवा.

४. खत कुठून आले ते विचारा. शंका आली तर कुंडीत परीक्षा करा.

५. नव्या जागी गेलात तर आधी तिथल्या जुन्या माणसाला विचारा. मी चार आठवडे आधी विचारले असते, तर चार आठवडे वाचले असते.

ज्या आजींनी मला प्रश्न विचारला होता, त्यांना मी हे सगळे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या घरामागं सांडपाण्याची जागा आहे. चौथा हिस्सा म्हणजे किती पावलं होतील?"

रविवारी सकाळी आम्ही दोघे दोरी घेऊन मोजणार आहोत.

विचार करा

१. रोटाव्हेटर घातल्यावर तण वाढले. ते का?
२. पान म्हणजे झाडाची चूल, असे का म्हटले आहे?
३. इंग्लंडात उन्हाळ्यात वालाला फुले का आली नाहीत?
४. तुमच्या घराजवळ पडीक जागा आहे का? तिची लांबी-रुंदी पावलांनी मोजा आणि वहीत लिहा.